सोसायटीचा सर्वांत जुना सभासद

रेरा कायद्यात चटई क्षेत्राची जी व्याख्या आहे, तिच्यात एक गंमत दडलेली आहे. बाहेरच्या भिंती त्या क्षेत्रात मोजत नाहीत, पण घराच्या आतल्या, खोल्याखोल्यांमधल्या भिंतींखालची जागा मोजतात. म्हणजे या कायद्यानंतर ज्यांनी नवं घर घेतलं, त्यांनी आतल्या भिंतींचेही चौरस फुटाच्या भावाने पैसे भरले. दहा फूट लांबीची साडेचार इंची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट साधारण साडेचार चौरस फूट जागा खाते. ठाण्यात चौरस फुटाला पंधरा हजारांचा भाव धरा. ही एक भिंत झाली साडेसदुसष्ट हजारांची. एवढी मोलाची वस्तू घरात असताना, चावी हातात आल्यावर माणूस पहिलं काम कोणतं करतो? ती भिंत पाडतो. पाडायचे पैसे वेगळे, गोण्यांचे वेगळे, टेम्पोचे वेगळे. आणि कर्ज वीस वर्षांचं असल्यामुळे, गेलेल्या भिंतीचे हप्ते निवृत्तीपर्यंत चालू राहतात.

हे मी अधिकाराने बोलतो, कारण ठाण्यातल्या एका सात मजली, तिशी उलटलेल्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. हे पद कोणी मागून घेत नाही. वार्षिक सभेत नावं सुचवायच्या वेळी जो नेमका फोन घ्यायला बाहेर गेलेला असतो, त्याला ते बहुमताने मिळतं. सेक्रेटरीकडे पाण्याच्या तक्रारी येतात, पार्किंगच्या येतात, कुत्र्यांच्या येतात. पण हल्ली सगळ्यांत जास्त येतात ते घरात काम काढण्याच्या परवानगीचे अर्ज. अर्जाची भाषा ठरलेली. ‘सदर सदनिकेत किरकोळ दुरुस्तीचे काम करावयाचे आहे, तरी परवानगी मिळावी ही विनंती.’ किरकोळ म्हणजे काय, असं विचारलं की सभासद म्हणतात, ‘काही नाही हो, टाइल्स बदलायच्यात, थोडा रंग आणि मधली एक भिंत.’ ‘आणि’च्या पुढे काय येतं ते नीट ऐकायचं, एवढंच या पदाला लागणारं कौशल्य.

काहींच्या अर्जात ‘भिंत फक्त दोन फूट सरकवायची आहे’ असं असतं. भिंत सरकवल्याचं आपल्याकडे एकच उदाहरण आहे, ते आळंदीचं. ज्ञानेश्वरांनी चालवलेली ती भिंत तिथे अजून दाखवतात. बाकी सगळे जण आहे ती पाडतात आणि दोन फुटांवर नवी बांधतात. जुनी भिंत बहुतेक वेळा खालच्या बीमवर उभी असते. नवी उभी राहते नुसत्या स्लॅबवर, जिथे ती येईल असं इंजिनिअरच्या स्वप्नातही आलेलं नसतं. हे सांगितलं की सभासद म्हणतात, ‘दोन फुटांनी काय होतंय?’ बरोबर आहे. गच्चीच्या कठड्यावरून दोन फूट पुढे जाऊन बघा म्हणावं.

अर्ज आला नाही तरी काम लपत नाही. ब्रेकर सुरू झाला की सगळ्या इमारतीला कळतं. फक्त कुठे सुरू झालाय ते कळत नाही. हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास धावतो, काँक्रीटमधून त्याच्या दहापट. म्हणून तो प्रत्येकाला आपल्या डोक्यावरच वाटतो. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त काका दुपारची झोप मोडली म्हणून तरातरा पाचव्या मजल्यावर जातात आणि कुलूप पाहून परत येतात, कारण पाचव्या मजल्यावरची मंडळी मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीत गेलेली असतात. काम चालू असतं पहिल्या मजल्यावर, पलीकडच्या कोपऱ्यात. तोवर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘कोणाकडे चालू आहे?’ हा प्रश्न निम्म्या सोसायटीने टाकलेला असतो. ज्याच्याकडे चालू असतं त्यानेही, संशय नको म्हणून, तोच टाकलेला असतो.

पूर्वी भावाभावांत बिनसलं की घराच्या मधोमध भिंत उभी राहायची. आता घरात माणसं तीन, तिघांची तोंडं तीन मोबाइलांत, आणि मोकळेपणा हवा म्हणून आहे ती भिंत जाते. इंटिरिअरवाल्या ताईंचं म्हणणं असं, की दारातून आत पाऊल टाकलं की नजर थेट खिडकीपर्यंत वाहत गेली पाहिजे. ऐकायला छान वाटतं. आमच्याकडे खिडकीपर्यंत वाहत गेलेली नजर तिथून पुढे समोरच्या बी विंगच्या गॅलरीतल्या ओल्या बनियनवर जाऊन थांबते. मध्ये भिंत होती तेव्हा पाहुण्याला निदान कालनिर्णय दिसत होतं. भिंतीवर काय काय होतं याची यादी भिंत गेल्यावर सुरू होते. स्विचबोर्ड कुठे घ्यायचा? फ्रिज कशाला पाठ लावून उभा करायचा? आणि आबांचा हार घातलेला फोटो? ताई म्हणतात, फोटो टीव्ही युनिटमध्ये बसवू. आबा हयात असताना टीव्हीच्या विरोधात होते.

सगळ्यांत जास्त बळी जातो तो स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीचा. ओपन किचन ही कल्पना जिथून आली तिथे संध्याकाळी सॅलड कापतात आणि ओव्हन लावतात. आपल्याकडे ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की हॉलमधला पाहुणा खोकत गॅलरीत जातो. सातव्या मजल्यावरच्या वहिनींनी हौसेने भिंत काढली. त्या शनिवारच्या बोंबलांनी सोफ्याच्या कापडात बुधवारपर्यंत मुक्काम केला. त्यांच्या सासूबाईंचा आक्षेप मात्र वासाबद्दल नव्हता. त्या म्हणाल्या, ‘आमच्या वेळी आयत्या वेळी माणसं वाढली तर चहात पाणी वाढवता यायचं. आता पाहुण्याच्या डोळ्यांदेखत वाढवायचं का?’ या प्रश्नाला वास्तुशास्त्रात उत्तर नाही, आधुनिक वास्तुकलेतही नाही. पुढे वास अडवायला वहिनींनी काचेचा सरकता दरवाजा लावला. काचेतून खरकटी भांडी दिसतात म्हणून काचेवर फिल्म आली. फिल्म दवाखान्यासारखी दिसते म्हणून तिच्यावर पडदा आला. अशा रीतीने विटांची एक साधी भिंत जाऊन तिच्या जागी सव्वा लाखाची भिंत आली. सोसायटीच्या दप्तरी मात्र अजूनही ‘भिंत काढली’ अशीच नोंद आहे.

भिंत अशी बिनधोक काढता येते याचं श्रेय ज्याला द्यायला हवं, त्याच्याकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. चंदिगढ आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने १९१४ साली एका घराचं चित्र काढलं होतं. त्यात तीन स्लॅब, सहा खांब आणि एक जिना, एवढंच. भिंत एकही नाही. घराचं वजन खांब पेलतील, भिंती नुसत्या आडोशाला. वाटेल तिथे घाला, वाटेल तेव्हा काढा, असा त्याचा अर्थ. तुम्ही-आम्ही राहतो त्या आरसीसी इमारती याच जातीच्या. साडेचार इंची विटांची भिंत साधारणपणे स्वतःचंच वजन पेलत उभी असते, म्हणून ती गेली तरी छत जागेवर राहतं. पण हे साधारणपणे. चाळी, बैठी घरं, जुने बंगले यांतल्या नऊ इंची आणि त्याहून जाड भिंती खरोखरच वरचं छप्पर डोक्यावर घेऊन उभ्या असतात; तिथे भिंत हाच खांब. आणि आता जे चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर मायवान पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, त्यांत तर वीटच नसते. आतल्या बहुतेक भिंतीही सळईसकट काँक्रीटच्या, आणि इमारत त्यांच्यावरच उभी. तिथे कॅलेंडरच्या खिळ्यासाठीसुद्धा ड्रिल मशीनवाला बोलवावा लागतो. अशा टॉवरमधला माझा एक मित्र सांगतो, की त्यांच्याकडे भिंत पाडण्याच्या विषयावर भांडणं होत नाहीत. सुखी माणूस.

आमच्याकडे खरा खेळ भिंत गेल्यानंतर सुरू होतो. खांब साधारण नऊ इंच बाय दीड फूट, भिंत साडेचार इंच. भिंत होती तोवर खांब तिच्या पोटात निम्माशिम्मा दडलेला होता. कपाटामागे, पडद्यामागे, कोणाच्या नजरेत न भरता. भिंत जाते आणि हा एकटाच हॉलच्या मधोमध उघडा पडतो. जमिनीपासून छतापर्यंत. घरमालक त्याच्याकडे असं बघतो, की जणू तो काल रात्री आला. मग पहिला प्रश्न विचारला जातो, आणि तो इंजिनिअरला नव्हे, मिस्त्रीला विचारला जातो. ‘हा काढता येईल का हो?’

मिस्त्री हा फार सज्जन माणूस असतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. तो आधी खांबावर बोटाच्या पेराने टकटक करतो. नंतर छताकडे बघतो, एक डोळा बारीक करतो, आणि म्हणतो, ‘होतंय की साहेब. काय टेन्शन घेऊ नका.’ मराठी भाषेत याहून धोकादायक वाक्य मी ऐकलेलं नाही. साहेबांना थोडी शंका येते, ते म्हणतात, ‘वरचं काही...?’ त्यावर मिस्त्री आवाज खाली आणून गुपित सांगतो: ‘हा नुसता शोचा कॉलम आहे.’ आता हे बघा, ज्या बिल्डरने गॅलरीचा कठडा बोटभर कमी उंचीचा केला, बाथरूमच्या दाराला कुंडी एकच दिली, जिन्यातला दिवा एक सोडून एक मजल्यावर लावला, तो बिल्डर निव्वळ शोभेसाठी तळापासून सात मजल्यांपर्यंत सळई आणि सिमेंट भरेल का? ही शंका मी विचारली तेव्हा मिस्त्री म्हणाला, ‘तेव्हा सिमेंट स्वस्त होतं साहेब.’

खांब पूर्ण काढायचं धाडस फार थोडे करतात. बाकीचे वाटाघाटी करतात. ‘काढायचा नाही, नुसता बारीक करू. कोपरे गोल करू. एका बाजूने दोन इंच तासू.’ भारतीय मानकानुसार खांबात सळईच्या बाहेर चाळीस मिलिमीटर काँक्रीट असावं लागतं, म्हणजे दीड इंचाहून थोडं जास्त. हे पांघरूण सळईला हवा-पाणी लागू नये म्हणून असतं. दोन इंच तासले की सळई उघडी. मग तिला गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगून मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि उरलेलं काँक्रीट आतून फोडून काढतं. हेच काम इलेक्ट्रिशियन अजाणता करतो: वायरचा पाइप दिसू नये म्हणून तो खांबालाच चर पाडतो. वायर दिसत नाही. पुढच्या दहा वर्षांत सळई दिसते.

खांबाला हात न लावता त्याला नाहीसा करण्याचे मार्गही आहेत, आणि त्यांत आपल्या लोकांची प्रतिभा फुलते. एकाने चारही बाजूंनी आरसे लावले. आता त्यांच्या घरी कोणी आलं की आधी स्वतःलाच नमस्कार करतं. एकाने त्यावर दगडाच्या पातळ चिपा लावून वर प्लॅस्टिकचा वेल सोडला. हॉलमध्ये बसलं की रायगडावर बसल्याचा भास होतो, पण नको त्या बुरुजावर. वास्तुवाल्यांचं म्हणणं, बीमखाली झोपू नये. म्हणून बीमखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग येतं. बीम आहे तिथेच, पलंग आहे तिथेच, फक्त वास्तुपुरुषाला दिसत नाही. त्याला इतकं सहज फसवता येत असेल तर त्याला घाबरायचं कशाला, हा प्रश्न मी विचारून पाहिला. हल्ली मला त्या घरी चहा मिळत नाही.

खरं म्हणजे खांबाशी आपलं वैर नव्हतं. जुन्या वाड्यांत घर मोजायचे तेच खांबांवरून: दोन खांबांमधला तो एक खण. माजघर किती खणांचं, ओसरी किती खणांची, हे सांगितलं की घराची ऐपत कळायची. दगडाच्या तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर तुळई, आणि खांबाला टेकून बसायचा मान घरातल्या वडीलधाऱ्यांचा. पोरं खांबखांबोळी खेळायची. ज्याच्या वाट्याला खांब आला तो जिंकला, ज्याला नाही आला त्याच्यावर राज्य. पंढरपुरात गरुडखांबाला मिठी मारायची म्हणून वारकरी अजून ताटकळत उभे राहतात. आणि राहत्या घरातला खांब फोडण्याचं आपल्याकडचं पहिलं ठळक उदाहरण हिरण्यकश्यपूचं. त्यानेही समितीची परवानगी घेतली नव्हती. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे; घर सुस्थितीत राहिलं, पण घरमालक गेले.

आमच्या सोसायटीत खांबाचा विषय पेटला तो विशेष सर्वसाधारण सभेत. सभा स्टिल्टच्या पार्किंगमध्ये होती. गणपूर्तीला माणसं कमी पडली. खांब पुरेसे होते. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून सभा सुरू केली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाने हॉलमधला खांब काढून बाजूला गर्डर टाकण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच्या युक्तिवादात दम होता. तो म्हणाला, ‘माझ्या ॲग्रीमेंटमध्ये हॉलचं क्षेत्रफळ दिलंय, त्यात हा खांबही आला. त्याचे पैसे मी भरलेत. म्हणजे खांब माझा.’

सभा क्षणभर गप्प. सातव्या मजल्यावरच्या वहिनींच्या सासूबाई उठल्या. ‘खांब तुझा आणि त्याच्यावर आमचं घर. म्हणजे गेली तीस वर्षं आम्ही तुझ्याकडे पोटभाडेकरू आहोत का रे?’

खजिनदारांचे कान टवकारले. ‘पोटभाडेकरू असतील तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतील.’

‘कोणाला?’

‘ते बघावं लागेल. मालकाला. म्हणजे खांबाच्या.’

तरुण म्हणाला, ‘अहो, माझा खांब माझ्या छतापर्यंतच आहे. वरचा खांब तिसऱ्या मजल्याचा.’

‘मग तो कशावर उभा आहे?’ सासूबाईंनी विचारलं.

यावर त्याने खांबाकडे पाहिलं. मीही पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ज्या खांबाबद्दल वाद चालला होता, त्याचाच पाय आमच्या मधोमध उभा होता, आणि त्याला तिसऱ्या मजल्यावरच्यांनी स्कूटर टेकवून ठेवली होती. तळ अधिक सात मजल्यांच्या इमारतीत अशा एका खांबावर सहज शंभर टनांच्या आसपास भार येतो. पाच टनांचा एक हत्ती धरला, तर वीस हत्ती एकमेकांच्या पाठीवर उभे आणि सगळ्यांत खाली हा. त्यात सातव्या मजल्याचे बोंबील आले, पाचव्या मजल्याचं कुलूप आलं, चौथ्यावरच्या काकांची झोप आली. ‘गृहनिर्माण सहकारी संस्था’ हे आमच्या पाटीवर लिहिलेलं आहे. पण थकबाकी न ठेवता, सभेत आवाज न चढवता, वरच्या प्रत्येकाचं ओझं निमूट उचलणारा सहकारी सभासद आमच्याकडे एवढाच. त्याला शेअर सर्टिफिकेट दिलेलं नाही. ठराव झाला: खांब आहे त्या ठिकाणी कायम ठेवण्यात यावा. सूचक सासूबाई, अनुमोदक सगळेच. विरोधात एक मत पडलं, ते तिसऱ्या मजल्यावरच्यांचं. त्यांना वाटलं ठराव स्कूटरबद्दल आहे.

हसून सोडावं असा विषय हा नाही, हेही सांगितलं पाहिजे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेला एक चार मजली इमारत दिवसाढवळ्या कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्यावेळी झाला. सोलमध्ये २९ जून १९९५ रोजी साम्पुंग नावाचं मोठं दुकान पडलं, ५०२ माणसं गेली. तिथेही सरकत्या जिन्यांसाठी खांब कमी केले होते, उरलेले सडपातळ केले होते, आणि वर एक मजला जास्तीचा चढवला होता. तळमजल्याच्या खांबाची खोडी काढणारा माणूस स्वतः बहुधा संध्याकाळी दुसरीकडे राहायला जातो. राहणारे वर असतात. साध्या विटांच्या भिंतीबद्दलही फार बेफिकीर राहू नये: भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा खांबांच्या चौकटीत बसलेली हीच भिंत अडसर बनून थोडाफार जोर घेते. २००१च्या भुज भूकंपात शेकडो किलोमीटर दूर अहमदाबादेत ज्या इमारती खाली बसल्या, त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी भिंतींशिवाय मोकळा ठेवलेला होता. आमचाही तसाच आहे. म्हणून सभा तिथे घेताना मी शक्यतो विषयपत्रिका लहान ठेवतो.

तरीही खांब बदलता येतच नाही असं नाही. रीतसर करायचं तर आधी जुनी आरसीसी ड्रॉइंग शोधायची, स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशोब करायचा, दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लावून वरचा भार उचलून धरायचा, पोलादी गर्डर बसवून तो शेजारच्या खांबांकडे न्यायचा, ते खांब आणि त्यांचे पाये हा नवा भार पेलतील की नाही ते तपासायचं, कमी पडत असतील तर तेही मजबूत करायचे, आणि मग कुठे ब्रेकरला हात घालायचा. पाये तळमजल्याखाली, खांब खालच्या मजल्यांवरच्या हॉलमध्ये. म्हणजे एका माणसाच्या हॉलसाठी खालच्यांचेही हॉल फोडायचे. हे ऐकून बहुतेकांना खांब एकाएकी देखणा वाटू लागतो.

इंजिनिअरला बोलावणं हाच मोठा अडथळा आहे. झुंबराला चाळीस हजार देताना ज्यांचा हात थरथरत नाही, तेच इंजिनिअरची फी ऐकून म्हणतात, ‘अहो, नुसतं बघायचंच तर आहे!’ नुसतं बघण्याचे पैसे डॉक्टर घेतो, वकील घेतो, ज्योतिषी तर पत्रिका न बघताही घेतो. पण खांब बघण्याचे पैसे देणं आपल्याला पटत नाही, कारण खांब आपल्यालाही दिसतोच की!

राहता राहिली पाडलेली भिंत. दहा बाय दहाची साडेचार इंची भिंत प्लास्टरसकट अडीच टनांच्या आसपास भरते. फोडली की तिच्या शंभराच्या घरात गोण्या होतात. हे राबिट लिफ्टने न्यायला बंदी; बिगारी संध्याकाळी घरी गेलेले; टेम्पो उद्या येणार. मग त्या गोण्या रात्रभर कुठे असतात? खोलीच्या मधोमध, एकावर एक. घराच्या जमिनीचं डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला दोनशे किलो भार धरतात. दहा बाय दहाच्या खोलीत तो दोन टनांच्याही आत बसतो. भिंत उभी होती तेव्हा बीमवर होती, तिचं ओझं कोणाला जाणवत नव्हतं. आडवी होऊन गोण्यांत शिरली की तीच भिंत स्लॅबच्या पोटावर येऊन बसते. खालच्या मजल्यावर त्या वेळी लोक जेवत असतात, पंख्याकडे बघत. एका घरी तर मी स्वतः जाऊन गोण्या भिंतीकडेने पसरून ठेवायला लावल्या. मालक म्हणाले, ‘भिंत राहिलीच कुठे कडेला ठेवायला?’

तेव्हा तुमच्याकडे काम निघणार असेल तर सेक्रेटरीची एवढी विनंती ऐका. अर्जात ‘किरकोळ’ हा शब्द लिहू नका. काय पाडणार ते लिहा आणि सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही जोडा, मिस्त्रीची चालणार नाही. इमारतीला पंधरा वर्षं झाली असतील तर दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. त्या दिवशी ऑडिटवाल्यांना घरात येऊ द्या, फॉल्स सीलिंगमागचा बीम त्यांना दाखवा. खालच्या मजल्यावर आधी सांगा. राबिट त्याच दिवशी खाली न्या. आणि दुपारी दोन ते चार ब्रेकर बंद ठेवा, चौथ्या मजल्यावरचे काका हल्ली थेट माझ्याकडेच येतात.